केंद्रातला पाहुणा

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागे एकदा हा किस्सा सांगताना आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्टाचा सगळा राग त्याने माझ्यावर काढला.

तर माणसं घोळ घालतात. कुणी चुकीच्या लग्नात जेवून येतं, कुणी दुसऱ्याचीच गाडी सुरू करून घरी नेतं. मी दुसऱ्याच्या जागी बसून मुलगी बघून आलो. आणि तीसुद्धा भलतीच मुलगी! बरं, जिच्यासाठी गेलो होतो तिच्यासमोर तोंड उघडायची वेळ आली तेव्हा... थांबा, असं नाही. पहिल्यापासून सांगतो.

मी सिद्धार्थ. यवतमाळच्या एका कॉलेजात संशोधन करतो. कशावर, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याची गाडी किती वाजताची आहे ते विचारून घेतो. झाडाच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, न्यूक्लियस म्हणा. पेशीचा कारभार तिथून चालतो. त्या केंद्रकात जी प्रथिनं असतात, म्हणजे प्रोटीन, त्यांचा मी अभ्यास करतो. तुरीच्या पानांतल्या. उन्हाचा चटका बसला की एक प्रथिन धावत केंद्रकात शिरतं आणि झाडाला ऊन सोसायला मदत करतं, असा आमचा अंदाज आहे. त्या एका प्रथिनाच्या मागे मी कित्येक वर्षं लागलोय.

आमच्या घरी हे कळलं तेव्हा आई म्हणाली, "प्रोटीन त दुकानात डब्यात भेटते. तू कायले पानं कुटत बसतं?"

पण खरं सांगू? त्या पानं कुटण्यात सुख होतं. कारण प्रज्ञा होती.

प्रज्ञा आमच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आली होती. महागाव तालुक्यातली. आमचं काम सगळं बर्फात चालतं. खल बर्फात, नळ्या बर्फात, हात बर्फात. जरा गरम झालं की केंद्रकं फुटतात आणि प्रथिनांची वाट लागते. आता यवतमाळचा उन्हाळा, त्यात लाइट जाणार! लाइट गेली की यंत्रं थांबायची आणि आम्ही दोघं बर्फाच्या टबाच्या दोन बाजूंना बसून राहायचो. ती बर्फाचा एक तुकडा तळहातावर घ्यायची आणि तो विरघळेपर्यंत गावच्या गोष्टी सांगायची. तुकडा संपला की गोष्ट संपायची. मी गुपचूप पुढचा तुकडा पुढे करायचो.

एकदा खूप खटपटीनंतर आम्हाला स्वच्छ केंद्रकं मिळाली. रंग घातल्यामुळे सूक्ष्मदर्शकात ती निळी निळी चमकत होती. तिने डोळा लावला आणि ओरडली, "अबे सिद्धू, इकडं ये! आमच्या अंगनातून दिसते तसं आभाळ हाय हे!"

मी वाकलो. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. केंद्रकं मला त्या दिवशी दिसलीच नाहीत.

मग तो प्रकल्प संपला आणि ती गावी परत निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "येजो कधी आमच्याकडं."

मी म्हणालो, "हव. ते यंत्राचं झाकण नीट बसून नाही राह्यलं, दुरुस्तीले टाकतो."

हे माझं उत्तर होतं! हसा, हसा. तुमचं काय जातं?

ती गेली आणि प्रयोगशाळेत नुसता फ्रीजचा आवाज उरला. तिच्या स्टुलावर मी कुणाला बसू देत नसे. सांगायचो, पाय मोडका आहे. एकदा आमचे सरच धपकन त्यावर बसले. मी डोळे मिटले. सर म्हणाले, "अरे, हे तर चांगलं मजबूत आहे!" नाइलाजाने म्हणालो, "आजच दुरुस्त केलं, सर." लाइट अजूनही जायची. मी टबाजवळ एकटाच बसायचो आणि बर्फ हातावर घेऊन बघायचो. नुसता हात गार पडायचा, दुसरं काही होत नसे.

मग मी फोनची कारणं शोधू लागलो.

"प्रज्ञा, ते केंद्रकांचं द्रावण कसं करत होतो आपण?"

"तूच शिकवलं ना मले!"

"हव, पण तू सांग."

ती सांगायची. साखर किती, मीठ किती, काय आधी, काय नंतर. मी 'बरं, बरं' म्हणत डोळे मिटून ऐकायचो. माझ्या खोलीतल्या मित्राला बरेच दिवस वाटत होतं की मी घरून लोणच्याची कृती विचारून घेतोय.

अशात एक दिवस सर म्हणाले, "सिद्धार्थ, बाजारातल्या वाणांचं पुरे झालं. कुठे गावरान तूर मिळते का बघ. तुलना करू."

गावरान तूर! प्रज्ञाचे बाबा घरापुरती गावरान तूर लावतात, हे मला बर्फाच्या कितव्या तरी तुकड्यात समजलं होतं. लगेच फोन लावला. ती म्हणाली, "ये ना. कधीबी ये. पानं काय, अख्खं झाड ने."

कधीबी! या एका शब्दाने माझा घात केला. मी ठरवलं, न सांगता जायचं. एकदम दारात उभं राहायचं. ती म्हणेल, 'तू!' मी म्हणेन, 'हव, मी.' आणि मग मनातलं सगळं सांगून टाकायचं. पुढची वाक्यं मी आंघोळ करताना पाठ केली होती.

रविवार धरला. कापूस वेचणीचे दिवस, तुरी हिरव्यागार. नवा आकाशी शर्ट घातला, मित्राचं अत्तर लावलं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला आणि एसटीत बसलो. शेजारच्या बुवांनी डब्याकडे बघून विचारलं, "मासोळी हाय का?"

"नाही. बर्फ आहे."

"बर्फात काय हाय?"

"काही नाही. नुसता बर्फ."

ते बुवा उठून दुसऱ्या सीटवर गेले.

महागावच्या स्टँडपर्यंत न जाता मी अलीकडच्या, तिच्या गावाच्या फाट्यावरच उतरलो. तिथून एका भाऊंनी मोटारसायकलवर घेतलं. म्हटलं, दादारावांच्या घरी सोडाल का? दादाराव म्हणजे प्रज्ञाचे बाबा. त्या भाऊंनी गाडी चालवता चालवता मागे वळून माझा चेहरा बघितला.

"म्हंजे तुमीच का ते! चाला, चाला. अख्खं गाव वाट पाहून राह्यलं तुमची!"

अख्खं गाव? म्हणजे प्रज्ञाने गावभर माझं नाव केलं होतं!

घरापुढचं अंगण झाडून-सारवून लख्ख, दारात रांगोळी, आणि भाड्याने आणलेल्या लाल खुर्च्यांची ओळ. दादाराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे. बाजूला प्रज्ञाची आत्या, पदर खोचून.

"जय भीम, काका."

"जय भीम, जय भीम! या जी. लवकर आले! मामा नाई आले संगं?"

मामा? माझे मामा आर्णीला असतात, गुडघेदुखीने बेजार आहेत. हे प्रज्ञाला कधी तरी सांगितलं होतं. तिने तेही लक्षात ठेवलं!

"मामांचा गुडघा दुखतो हो," मी भरल्या गळ्याने म्हणालो.

आत्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "फोटोत त बरे भरलेले दिसत व्हते. लय वाळले जी."

फोटो! ऐकताय ना? तिने घरी माझा फोटो दाखवला होता! मी लाजलो. लाजत लाजत बर्फाचा डबा आत्याच्या हातात दिला. "हे जरा गार जागी ठेवा. फार महत्त्वाचं आहे."

खुर्चीत बसलो आणि धीर करून विचारलं, "प्रज्ञा दिसत नाही?"

"लहानी ना? ते स्टँडवर गेली, तुमालेच आनाले. चुकामूक झाली वाटते. फोन लावून राह्यलो, पन रेंज नाई."

आता मला सांगा, मी येणार हे तिला कळवलंच नव्हतं. तरी ती मला घ्यायला स्टँडवर गेली! याला म्हणतात ओढ, मी मनात म्हटलं. नुसत्या मनातल्या मनात तिला समजलं. काय माणूस आहे! विज्ञानाचा विद्यार्थी आहे हो मी. पण त्या क्षणी मला विज्ञान वगैरे काही आठवलं नाही.

दादाराव समोर बसले. घसा खाकरला. "मंग, काम केंद्राचंच ना तुमचं?"

केंद्रक! पोरीने बापाला केंद्रक शिकवलं होतं! शेवटचा 'क' तेवढा राहिला असेल, चालायचंच.

"हो काका, पूर्ण केंद्रकाचंच. बाहेरचं मी काही बघतच नाही."

"बाहेरचं राज्याकडं असंन."

पेशीच्या उरलेल्या भागाला त्यांनी राज्य म्हटलं! काय उपमा! मी खूश होऊन म्हणालो, "अगदी बरोबर बोललात. हुकूम सगळे केंद्रकातून सुटतात, राज्य नुसतं पाळतं."

"ते त हायच," दादाराव म्हणाले. "बदल्या-गिदल्या?"

"बदल सारखेच. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरं."

"बाप्पा! सालातून दोनदा?" त्यांनी आत्याकडे पाहिलं. "अन् हाताखाली किती जन हायत?"

"आत हजारो आहेत काका. पण मी एकाच्याच मागावर आहे. ऊन तापलं की ते गुपचूप आत शिरतं, काम उरकतं आणि पसार होतं. इतकी वर्षं झाली, अजून हाती लागलं नाही."

दादारावांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज एकदम खाली आला. "कोन हाय ते?"

"नाव नाही सांगता येत. छापून येईपर्यंत कुठे बोलायचं नाही, असं सरांनी बजावलंय."

ते उठले, दार लोटून आले आणि आत्याच्या कानाशी कुजबुजले. मला एवढंच ऐकू आलं, "गुप्त खातं हाय."

मी म्हटलं, चांगलंय. प्रज्ञाच्या घरी संशोधनाचं पावित्र्य समजतं.

"पन धरता कसे त्याले?" दादारावांना राहवेना.

"आधी भिंत फोडतो," मी रंगात आलो. "मग आतल्या सगळ्यांना बाहेर काढून बर्फात ठेवतो. मग गरगर फिरवतो. जे जड असतात ते खाली बसतात. शेवटी सगळ्यांना एका रांगेत पळवतो. कोण किती लांब पळालं, त्यावरून ओळख पटते."

"माय वं!" आत्याने तोंडाला पदर लावला. "म्हून बर्फ संगं घेऊन फिरता का जी!"

"नाही तर काय! बर्फाशिवाय कुणी बोलतच नाही." हा आमच्या प्रयोगशाळेतला विनोद होता. तिथे कुणी हसलं नाही.

आता मला घाई झाली होती. पानं लवकर घेतली तर प्रज्ञाशी बोलायला वेळ मिळेल, हा माझा हिशेब. म्हणालो, "काका, आता बघून घेऊ या का? मला संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय."

"हव, हव! पाहा त लागंनच ना!" दादारावांनी आत बघून हाक मारली, "आना वं पोरीले!"

यातलं शेवटचं मी ऐकलंच नाही. मी माझ्याच नादात पुढे बोलून गेलो, "फक्त एक सांगायचं राहिलं. मला कोवळीच लागतात. जून झालेली अजिबात चालत नाही."

आत एक कप फुटला.

आत्या हळूच म्हणाली, "काय म्हनलं जी?"

"जून नको, एवढंच. कुटायला फार त्रास होतो."

"कुटाले?"

"हो. आधी स्वच्छ धुतो, पुसतो, मग कुटतो."

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, हा मानूस घरात बायको नेऊन राह्यला का मिरची?"

बायको? माझं डोकं हळूहळू आत्याच्या दिशेला वळलं आणि तिथून दाराकडे. दारात साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. डोळे प्रज्ञासारखे, पण प्रज्ञा नाही. तिची मोठी बहीण करुणा. ट्रेमधल्या बशा थरथरत होत्या.

"वय विचाराचं व्हतं त सरळ विचाराचं," ती म्हणाली. "जून म्हनाची काय गरज व्हती?"

आणि तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

खुर्च्या, रांगोळी, कडक शर्ट, मामा, फोटो, केंद्र! मला सगळं एकदम दिसलं. काय करावं माणसाने? मी उठून उभा राहिलो. खुर्ची पडली. "ताई, मी पानांबद्दल बोलत होतो," म्हणालो. पण कोणती पानं हे सांगायचंच राहिलं. करुणाने याआधीही असाच ट्रे हातात धरला होता, आणि दर वेळी कुणी ना कुणी काही तरी बोलून गेलं होतं, हे मला नंतर समजलं. पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरून एवढं दिसत होतं की हे तिला नवीन नाही. भिंत फोडून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. मागे ऑटो.

"बाबा, पाहुने आले!" प्रज्ञाचा आवाज.

कित्येक महिन्यांनी तो आवाज मी फोनशिवाय ऐकत होतो. अशा वेळी!

"पाहुने आले?" दादाराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग हे कोन हाय?"

प्रज्ञा दारात आली. तोंडाला स्कार्फ, केसांवर धूळ. तिने स्कार्फ काढला, मला पाहिलं, पडलेली खुर्ची पाहिली, रडणारी बहीण पाहिली.

"सिद्धू? तू इथी काय करून राह्यला?"

पाठ केलेलं वाक्य होतं, 'हव, मी.' तेही आलं नाही.

तिच्या मागून खरा पाहुणा आत आला. त्याचं नाव उमेश, बरोबर त्याचे मामा. हा उमेश खरोखर केंद्र सरकारच्या नोकरीत होता, टपालात. आता सगळे एकदम बोलायला लागले. आत्या सांगत होती, हा माणूस लोकांना बर्फात बसवतो. दादाराव सांगत होते, हळू बोला, गुप्त आहे. प्रज्ञा डोळे मोठे करून ऐकत होती. मध्येच तिला उलगडा झाला आणि ती मटकन पायरीवर बसली.

"बाबा, केंद्र नाई! केंद्रक! पानाच्या आतलं. हा तुरीचे पानं कुटते. पानं! त्याले कोवळी पानं पाह्यजे, पोरगी नाई!"

मग कुणी तरी फिस्सकन हसलं. करुणा होती. तिने ट्रे खाली ठेवला, पदर तोंडावर धरला आणि हसायला लागली. थांबेचना. "धुतो, पुसतो, कुटतो," असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. मघाचं पाणी गालावर तसंच होतं आणि ती हसत होती. उमेश तिच्याकडे बघतच राहिला. नंतर तो मला म्हणाला, भाऊ, आजवर इतक्या ठिकाणी बघायला गेलो, पण समोर मान वर करून हसणारी पोरगी ही एकच भेटली. त्यांचं लग्न झालं. मी वाढायला होतो.

पण ते पुढचं. त्या दुपारी आत्याने सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं. माझा घसा कोरडा पडला होता, मी एका दमात ग्लास संपवला. दुसरा मागितला. काय गार होतं! म्हटलं, "आत्या, फ्रीज चांगला आहे हो तुमचा."

"फ्रीज कुठचा जी? तुमीच त आनला ना बर्फ, डबा भरून!"

झालं. ज्या बर्फात पानं न्यायची तोच पिऊन बसलो होतो. दोन ग्लास!

आणि मग आला तो क्षण. उमेशचे मामा पोहे खात होते, करुणा आत गेली होती. दादारावांनी ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे वळले आणि अगदी मायेने विचारलं, "मंग बाप्पा, तुमी खरं कायले आलते एवढ्या दूर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या बघत होती. आणि खांबाला टेकून प्रज्ञा बघत होती. ती हसत नव्हती. नुसती बघत होती, जरा वाट बघितल्यासारखी. इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तरही मला ठाऊक होतं. घरदार समोर, माणसं खुशीत, पोहे तयार! दुसऱ्या कुणाला अशी वेळ मिळाली असती तर त्याने सोनं केलं असतं.

मी म्हणालो, "पानं न्यायला."

प्रज्ञाने खांब सोडला. "चाल," म्हणाली. "देतो तुले पानं."

आम्ही शेतात गेलो. ऊन कलत होतं. एका बाजूला पांढरा कापूस, दुसऱ्या बाजूला तूर, माझ्या खांद्याच्या वर गेलेली. ती पुढे, मी मागे. ती शेंड्याची कोवळी पानं खुडून ओल्या फडक्यात टाकत होती. तीच बोटं. मला त्या बोटांवर बर्फ ठेवावासा वाटत होता, आणि बर्फ तर मी प्यालो होतो.

"एवढ्या दूर आला तू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पानायसाठी?"

बोल, सिद्धू, बोल!

"गावरान तूर यवतमाळात कुठं भेटते?" मी म्हणालो.

"हव," ती म्हणाली. "ते बी खरंच हाय."

फाट्यापर्यंत तिने स्कूटीवर सोडलं. गाडी आली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर ती स्कार्फ बांधत होती. गाडी वळेपर्यंत तिचा स्कार्फ काही बांधून झाला नाही. मी पानांचं ओलं फडकं मांडीवर धरून बसलो होतो. त्याला कोवळ्या तुरीचा तो हिरवट वास येत होता. यवतमाळ येईपर्यंत मी मनात तिच्याशी इतकं बोललो की उतरताना जीभ दुखते आहे असं वाटलं.

पानं अर्थात वाया गेली. बर्फाविना, फडक्यात कोंडून, गाडीत तापून ती मलूल पडली होती. मी तरी सगळं केलं. कुटलं, गाळलं, फिरवलं. निळ्या रंगात प्रथिनांच्या स्पष्ट पट्ट्या दिसायला हव्या होत्या, तिथे शाई सांडल्यासारखा एक डाग आला. सर म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हणालो, "गावरान."

नंतर बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. तिचा, स्वतःहून! करुणाचं लग्न ठरल्याचं सांगितलं, आत्या अजून मला मिरचीवाला म्हणते तेही सांगितलं.

"प्रोटीन निघाले का रे चांगले?"

आता खरं सांगायचं ना? पण मला वाटलं, तिने एवढी पानं खुडून दिली, आणि मी वाया घालवली म्हणू?

"लय मस्त निघाले," मी ठोकून दिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आयक ना. तूर सोंगनीले आली. बाबा उद्यापासून कापतीन. तुले अजून पानं लागत असतीन, त एक ओळ ठेवाले लावू का उभी? तू येऊन नेजो."

आणि मी काय म्हणालो असेन? मला तिच्या बाबांची काळजी! शहाणा माणूस!

"नको, नको. कायले उभी ठेवता? शेंगा फुटून दाणे सांडतीन. माझं काम झालं."

"झालं का?"

"हव, पूर्ण झालं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खूश! शेतकऱ्याचं नुकसान वाचवलं ना! चांगला आठवडाभर खूश होतो. मग एक दिवस सरांच्या ऐवजी वर्गात मुलांना तुरीचं झाड शिकवत होतो. फळ्यावर चित्र काढलं, आणि सांगत होतो, शेंगा वाळल्या, सोंगणी आली, की पानं पिवळी पडून गळून जातात. खडू हातातच राहिला.

सोंगणीला आलेल्या तुरीला पानं असतात का हो? जी काही चिकटलेली असतात ती पापडासारखी वाळलेली. त्यातून प्रोटीन काढायला कोण जाईल? हे मला ठाऊक होतं. आणि माझ्या शेजारी बसून इतकी पानं कुटलेल्या त्या पोरीला तर नक्कीच ठाऊक होतं!

मुलांना बसवून तसाच व्हरांड्यात पळत आलो आणि फोन लावला.

"प्रज्ञा! आयक. ते ओळ ठेव! मी येतो. या रविवारीच येतो!"

पलीकडे पाखडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कोन्ती ओळ? तूर त कवाचीच सोंगून झाली. डाळ बी करून आनली गिरनीतून." मग अगदी हळू आवाजात, "मी घेऊन येऊ का यवतमाळले, तुह्यासाठी?"

आणि मी, बाप्पा हो, मी विचारलं, "सालीची का बिनसालीची?"